पिवळे हातमोजे

"तू जरा मागे मोरीत थांब गं. बोरन्हाण होईपर्यंत पुढे येऊ नकोस."

मॅडमच्या सासूबाईंनी सांगितलं. नातवाच्या बोरन्हाणासाठी त्या पुण्याहून आल्या होत्या. इकडे तेलुगू मुलखात, चिक्कडपल्लीच्या त्या फ्लॅटमध्ये मी अकरा महिने बाळाला सांभाळत होते. मॅडम आणि साहेब दोघं कंप्युटरच्या कंपनीत. बाळाचं पहिलं पाऊल माझ्यासमोर पडलं. पण माझ्या डाव्या हातावर कोड आहे. बोटांपासून मनगटापर्यंत पांढरं.

मोरीत पाटावर बसून मी ऐकत होते. सासूबाई बायकांना सांगत होत्या, "मागच्या जन्मी कुणाच्या तोंडचा घास काढला की असं उठतं अंगावर. शुभकार्यात सावलीसुद्धा नको."

बाळाच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं ओतली. त्यातलं एक बोर मुठीत धरून तो थेट माझ्याकडे आला. माझ्या तोंडात घालायला. खाऊ मिळाला की पहिला घास मला, ही त्याची रोजची सवय. सासूबाई मागून धावत आल्या. बोर हिसकावलं. त्याला तिथंच नळाखाली धरलं. अंगावरचे हलव्याचे दागिने विरघळायला लागले. पोर माझ्याकडे हात पसरून रडत होतं आणि मी उठले नाही. हात पदराखाली घेतला. त्याची लाज मला अजून वाटते.

कारण पापाचं ते मलाही खरं वाटायचं. आम्ही नांदेडकडचे बौद्ध. आजोबांनी घरातले देव नदीत सोडलेले. तरी डाग उठल्यावर आईनं मला सोमवार धरायला लावले, नागाच्या दगडावर दूध घालायला लावलं. मी ते शेजाऱ्यांपासून लपवून केलं. भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि पोटात उपास. जातीवरून कुणी बोललं असतं तर मी भांडले असते. ते भांडण मला येतं. पापाशी कसं भांडायचं, ते येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेतला. उघड्या हातात. "ये लगने की बीमारी नै है अम्मा. बच्चे को गोद में लेव, कुछ नै होता." चिठ्ठीवर तसं लिहूनही दिलं.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. "मला माहितेय हो मावशी. मी वाचलंय सगळं. पण आईंच्या मनात येतं. त्या आहेत तोवर एवढं कराल?" आणि त्यांनी हातमोजे पुढे केले. भांडी घासायचे, पिवळे, रबरी.

माहीत होतं. माहीत असून.

मी हातमोजे ओट्यावर ठेवले. "बाळाला घेईन तर उघड्या हातानं. नाहीतर नाही."

"मग राहू द्या," मॅडम खाली बघत म्हणाल्या.

बाळ झोपलं होतं. त्याला बघूही दिलं नाही. मी काय करणार? पोर त्यांचं. त्यानंतर कामासाठी तीन घरं विचारून झाली. हात बघितला की 'कळवतो' म्हणतात.

परवा माझ्या पोरीच्या गुडघ्यावर डाग दिसला. वाटाण्याएवढा. आई म्हणाली, "तिचे सोमवार धर. आन् फ्राक लांब शिव." मी पोरीला समोर बसवलं, डाग दाखवला आणि सांगितलं, हा आजार आहे, पाप नाही. तिच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. आई उठून बाहेर गेली.

डाग थांबवणं माझ्या हातात नाही. लोकांची तोंडं धरणंही नाही. पण दगडाला आता दूध मिळणार नाही, ते पोरगी पिते. आणि तिच्यापुढे कुणी हातमोजा धरला, तर त्या दिवशी मी पदराखाली हात घेऊन बसणार नाही.