रिकाम्या तोंडाची चोरी

पंचफुला चोर आहे, हे शेंदूरजनाघाटच्या संत्रा मंडीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं कधी काही चोरलं नव्हतं, एवढंच.

हिवरखेडची ही पोर जानरावाची बायको होऊन आली आणि पहिलं लेकरू गेल्यावर तिच्या डोक्यावर परिणाम झाला. अमरावतीच्या डॉक्टरांच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन मन थाऱ्यावर आलं, पण जबडा हातचा गेला. दिवसभर काही चघळल्यासारखा हलत राही. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रसायनं जबड्याच्या मज्जापेशींना हुकूम देतात. त्यांचा तोल गेला की उगाच हुकूम सुटतात, बाईचा त्यात काही दोष नाही. खाताना मात्र तोच जबडा शहाण्यासारखा वागे. पण डॉक्टर राहिले अमरावतीला, आणि इथं डोक्यावर उभा मुकादम सूर्यभान.

मंडीची रीत अशी, की दिवसा फळाला तोंड लावायचं नाही. डागी संत्री संध्याकाळी बायांना वाटायची. पेटीत गवत घालून फळं रचताना पंचफुलेचं तोंड हललं की सूर्यभान तिला चारचौघांत आ करायला लावी आणि बाजारात बैलाचे दात पाहावेत तसा आत डोकावे. आत काही नसे. मग म्हणे, गिळलं. संध्याकाळी तिचा वाटा बंद. तोंड रिकामं, हाच पुरावा! कुठल्या चावडीवर चालतो असला न्याय? आणि बाकीच्या बाया मुकाट्यानं आपापला वाटा पदरात घेत.

त्रेसष्ट सालच्या आंबिया बहाराच्या हंगामात एका संध्याकाळी सूर्यभाननं तिला सांगितलं, उद्यापासून यायचं नाही.

पंचफुला उठली. डागी ढिगातलं एक संत्रं तिनं सगळ्यांदेखत सोललं, फोड गालात धरली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. जबडा थांबला. बाया बघतच राहिल्या. तिनं फोड चावून गिळली, आणि थोड्या वेळानं जबडा पुन्हा हलू लागला.

"तोंडात फोड होती तवा गप होतं," ती म्हणाली. "आता काईच नाई, तं चालून राहिलं. मंग मले तुमी आजवर काहून पकडलं?"

सूर्यभाननं तिच्या हातातल्या सालींकडे बघितलं. "फळ तं खाल्लंच न तू," तो म्हणाला.

तिला काढलं ते त्या एका संत्र्यासाठी, असंच मग मंडीत ठरलं. तेवढं एकच तिनं खाल्लं होतं, आणि तेही स्वतःच्या वाट्याचं.