परातीखालची किल्ली

परवा रविवारी पाहुण्यांना घेऊन नाशिकजवळ दिंडोरी रोडच्या एका वायनरीत गेले होते. माझी नणंद मीनाताई आणि त्यांचे यजमान प्रमोदराव पुण्याहून आलेले. आमच्या यांची एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्यूटी, म्हणून पाहुणचार माझ्या गळ्यात... लेकही बरोबर होती.

वाइन टेस्टिंगला मी आणि मीनाताईंनी ग्लासला नुसतं नाक लावलं. प्रमोदरावांनी आपले ग्लास संपवले, वाया नको म्हणून आमचेही संपवले. मग किल्ली बोटात फिरवत म्हणाले, "चला, जेवायला!"

गाडी आमची, पण जावई आले की चालवणार तेच. मला उत्तम चालवता येते... तरी जावयांच्या हातातली किल्ली मागायची कशी? शाळेत साठ पोरांना दरडावणारी मी, मुकाट्याने लेकीला घेऊन मागे बसले.

दोन मिनिटांवर 'घरगुती जेवण' अशी पाटी दिसली. पत्र्याची शेड, चूल, विकायला मनुक्यांच्या पिशव्या आणि बाहेर मुंबई-पुण्याच्या गाड्या. पूर्वी मी या गावात आले होते तेव्हा इथे चहाची टपरीसुद्धा नव्हती.

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईंना बघितलं आणि ओळख पटली... कमलताई! बऱ्याच वर्षांपूर्वी गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं की नाही, यावर बायकांचं मतदान झालं होतं, तेव्हा मी तिथे ड्यूटीवर होते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद व्हावं म्हणून, आडव्या बाटलीसाठी घरोघरी फिरल्या होत्या त्या याच. निकाल लागला तेव्हा बायकांनी शाळेच्या पटांगणात फुगड्या घातल्या होत्या.

आणि मी अतिशहाणी, चारचौघांत बोलून गेले, "कमलताई, तेव्हा तुम्ही बाटली आडवी केलीत, आणि आता वायनरीच्या गिऱ्हाइकांवर धंदा?"

त्यांचा हात थांबला. मला जीभ चावावीशी वाटली.

"मॅडम, मला काय गोड वाटतं का? पण या वायनरीमुळं गावातल्या आठ बाया इथं कामाला हाय. माझी सून तिकडं वायनरीत काउंटरला बसती. पोरी शिकायला नाशिकला जाती. त्याला नाय कशी म्हणू? फक्त माझ्या दारात एक नेम हाय."

मग त्या प्रमोदरावांकडे वळल्या. "दादा, गाडी तुम्ही चालवणार? मग किल्ली द्या इकडं."

पीठ लागलेला हात तसाच पुढे. शेजारी एक परात पालथी घातलेली होती, ती त्यांनी जरा उचलली तर खाली आधीच तीन-चार किल्ल्या होत्या. जेवा, बाजेवर पडा, उतरली की किल्ली घ्या... नाहीतर न प्यायलेल्या माणसाला चालवू द्या. असा तो नेम.

प्रमोदराव हसले. "अहो मावशी, थोडीशीच घेतलीये. काही होत नाही."

"आमचे मालक बी हेच म्हणले व्हते," कमलताई शांतपणे म्हणाल्या. "मोटरसायकलला किक मारताना."

प्रमोदरावांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

पिठलं-भाकरी झक्कास होती, पण माझं लक्ष त्या परातीकडे. लेक मागच्या सीटवर होती आणि मी पाहुण्यांची मर्जी सांभाळत होते... स्वतःची इतकी लाज फार दिवसांत वाटली नव्हती.

निघताना कमलताईंनी परात उचलली. "कोण चालवणार?"

"मी," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

प्रमोदराव निमूट मागे बसले, मीनाताई पुढे माझ्याशेजारी बसल्या. गाव मागे पडल्यावर हळूच म्हणाल्या, "बरं झालं गं. मला पंधरा वर्षांत जमलं नाही."

पाहुणे येतात, गावाला चार पैसे मिळतात, हे चांगलंच आहे. पण आलेला माणूस धड घरी पोचावा याची काळजी त्या रस्त्यावर मला एकाच बाईने घेतलेली दिसली... तीही जिच्या घरचा माणूस पोचला नव्हता.

किल्लीच्या खाचेत अजून बाजरीचं पीठ आहे. राहू दे.