जाळ्या झटकणारे आबा

आमच्या समोरच्या दारातले आबा एका उंच इमारतीतल्या एसीच्या जाळ्या साफ करतात. खरं तर त्या धुवायच्या असतात, पण वाळेपर्यंत थांबायला त्यांच्या साहेबांना सवड नाही. म्हणून आबा त्या गच्चीवर नेऊन कठड्यावर झटकतात. शहराचा सगळा धूर, डिझेलची काजळी, बांधकामांची धूळ जाळ्यांमधून निघते आणि आबांच्या अंगावर बसते. खाली त्याच एसीच्या हवेत लोक गारठून स्वेटर घालून बसलेले असतात. तोंडाला बांधायला आबांकडे एक रुमाल, तोही घरचा.

संध्याकाळी आबा दारात दिसले की चार वर्षांची नात धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडायची. दिवसभराच्या शिणावर त्यांना तेवढाच उतारा. पण हिवाळा लागला तशी रोज संध्याकाळी पोरीची छाती वाजायला लागली, धाप लागायची. आईबापांचा जीव टांगणीला. डॉक्टर म्हणाले, हवा वाईट आहे, धुळीपासून जपा. सुनेने खिडक्यांच्या फटी बुजवल्या, गालिचा काढला, शेजारीण म्हणून माझ्या तळणावरही गदा आली. फरक पडेना.

मग आबा तापाने आठवडाभर घरी होते. पोर त्यांच्याच उशाशी खेळली आणि तिची छाती एकदाही वाजली नाही. सून म्हणाली, खिडक्यांचा गुण आला. आबांची नजर खुंटीवरच्या कामाच्या कपड्यांकडे गेली. पुन्हा कामावर गेले त्या संध्याकाळी ती धावत आली, तेव्हा त्यांनी हात मागे घेतले.

"लांब राहा, बाळा. माझ्या कपड्यांतूनच येतंय ते."

तेव्हापासून कपडे जिन्यात उतरवायचे, अंघोळ करायची आणि मगच नातीला घ्यायचं, असा नेम झाला. पोर सुधारली. मला त्या साहेबांचा संताप येतो. आबांच्या अंगात संतापायचंही त्राण नाही. नोकरी सोडा म्हणावं, तर या वयात दुसरी देणार कोण?

परवा मी त्यांच्याकडेच बसले होते. न्हाऊन आलेल्या आबांनी नातीला उचललं. तिने त्यांच्या छातीला कान लावला, जरा वेळ ऐकलं आणि आपणहून खाली उतरली.

"आबा, आतून पण धुऊन ये ना."

आबा परत न्हाणीघरात गेले. नळ सोडला आणि खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बराच वेळ तसाच चालू ठेवला.