साध्या पाण्यातली मरळ

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी सत्तावीस वर्षं सहायक आहे. या काळात तराजूवरचं वजन मी कधी अंदाजाने लिहिलं नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक हिशोबाचीच आहे.

आमच्याकडे एक मुलगी पीएच.डी. करत होती. कपाशीवर मारायचं औषध पाण्यात उतरलं तर माशाच्या शरीरात काय बिघडतं, हा तिचा विषय. मासा मरतो का, हे तिला पाहायचं नव्हतं. औषध इतकं कमी घालायचं की मासा पोहत राहील, खात राहील. मग त्याच्या यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, किती उरली ते मोजायचं. त्यासाठी दोन टाक्या. एकीत औषध, दुसरीत साधं पाणी. साध्या पाण्यातले मासे निरोगी हवेत, कारण तुलना त्यांच्याशीच.

निरोगी मासे मी आणतो, असं मीच म्हणालो. दोंडाईच्याच्या पुढे माझं गाव. तिथे तलाव आहे, जवळ एकही कारखाना नाही, शहराची गटार नाही, आणि तलावातली मरळ सगळं गाव खातं. तिच्या मार्गदर्शक सरांनी पाण्याची खात्री आहे का विचारलं. माझी खात्री, म्हणालो. वीस मरळी आणल्या, दहा-दहा वाटल्या.

ही परीक्षा रंगाची असते. ग्लायकोजेन भरपूर असेल तर नळीतला द्राव गडद हिरवा होतो, कमी असेल तर फिका. औषधाच्या टाकीतल्या माशांच्या नळ्या फिक्या आल्या. त्या यायलाच हव्या होत्या. साध्या पाण्यातल्याही फिक्याच आल्या.

आधी वाटलं, माझा हात चुकला. रसायन ताजं केलं, घड्याळ लावून नळ्या उकळल्या, वजनं दोनदा घेतली. पुन्हा तेच. मग मत्स्यबीज केंद्रातून दहा मरळी आणल्या. तोच डबा, तीच एसटी, तेच खाद्य, तेवढेच दिवस. त्यांच्या नळ्या कडुनिंबाच्या जून पानासारख्या हिरव्यागार आल्या. म्हणजे प्रवास नव्हे, उपास नव्हे, माझा हात नव्हे. खोट तलावात होती.

सर म्हणाले, बरं झालं, आता केंद्राचेच मासे घ्या, तलावाचं पान रजिस्टरातून काढून टाका, तिचे सहाच महिने उरलेत. मुलीला ते पटलं नाही. सर गेल्यावर ती माझ्याकडे आली.

"भाऊ, तुमचं गाव आहे. तलावात काय जातं ते मला लेखी द्या. सरांशी मी भांडते."

रविवारी गावी गेलो. फवारणीचे दिवस होते. तलावाच्या काठाला पाठीवरचे पंप ओळीने मांडलेले. जो तो टाकीत पाणी भरायचा, खळखळवायचा आणि तलावात ओतायचा. पाणी दुधासारखं पांढरं होऊन आत सरकायचं. मी उभा राहून मोजले. दुपारपर्यंत एक्केचाळीस पंप. मोजताना बघून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "हाऊ आते पानीले बी नापास करी." बाकीचे हसले.

बेचाळिसावा पंप माझ्या थोरल्या भावाचा. मी म्हणालो, आबा, हे इथे धुवू नका, मासा आतून पोखरला जातोय. त्याने पंप उपडा करून शेवटचा थेंब झटकला.

"तूच सांगेल व्हतं ना? विहिरवर धवू नका, तलावमा धवा. मोठं पानी शे."

सांगितलं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी विहिरीजवळच्या हौदावर कुणीतरी पंप धुतला आणि ते पाणी पिऊन वासरू मेलं. लोकांनी मला विचारलं, कारण मी प्रयोगशाळेतला. मी पेन्सिल घेतली. धुतलेल्या पंपात अर्धं झाकण औषध उरतं, तलावात अमुक कोटी लिटर पाणी. भागाकार केला आणि दशांश चिन्हापुढची शून्यं पारावर सगळ्यांना दाखवली. तेव्हापासून गाव इमानाने तलावावर पंप धुतंय.

तो हिशोब एका पंपाचा होता, एका दिवसाचा, आणि काठोकाठ भरलेल्या तलावाचा. सगळे पंप, सगळे हंगाम आणि एप्रिलमधला डबक्याएवढा तलाव मी धरलाच नव्हता. आणि मरळ लवकर मरत नाही. वर येऊन हवा घेते, खराब पाण्यातही तगते. ती जिवंत दिसते म्हणून पाणी चांगलं, असं गाव समजलं. मीही समजलो. मला तर सरांनी खात्री विचारली होती.

आबाला म्हणालो, वावरातच धुवा, धुतलेलं पाणी कपाशीवरच मारा. त्याने विचारलं, वावरात पाणी डोक्यावर वाहून नेऊ का? मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "तू बदलाडं म्हनीसन गाव बदलाव नही, भाऊ." मी सांगणं बदललं म्हणून गाव बदलणार नव्हतं.

सोमवारी मुलगी कोरा कागद घेऊन उभी होती. लेखी द्यायचं तर पंप लिहावे लागणार होते, पंप तलावावर का आले ते लिहावं लागणार होतं, आणि खाली माझी सही.

"कारण सापडलं नाही," मी म्हणालो.

तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. कारणाशिवाय भांडायला तिच्याकडे काही नव्हतं. तलावाचं पान मी रजिस्टरातून पट्टी लावून काढलं, कडा कुरतडलेली दिसू नये म्हणून. तिला पदवी मिळाली. प्रबंधात मासे बीज केंद्राचे आहेत. सुरुवातीला आभार मानलेत, त्यात माझ्याबद्दल लिहिलंय की माझ्या अचूक नोंदींशिवाय हे काम झालं नसतं.

परवा आबाने डब्यातून दोन मरळी पाठवल्या, नेहमीसारख्या. घरी दिल्या नाहीत. कॉलेजात नेऊन एक कापली, तुकडा तोलला, नळी उकळत्या पाण्यात धरली आणि घड्याळ पाहत बसलो. रंग फिका आला. कुठे लिहिला नाही. नळी तीनदा धुऊन स्टँडवर उपडी ठेवली.