तिसऱ्या सीनला डायलॉग नाही

घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे किस्से साठतात. कोणी ठरवून जमा करत नाही. एक पिशवी ओढली की तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी! आमच्या वेफर्सच्या कारखान्याचं तसंच आहे. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय नाही. कुठे पुढचं-मागचं झालं तर सांभाळून घ्या.

कारखाना म्हणजे फैजपूरच्या बाहेरचं एक पत्र्याचं शेड. शेठ मूळचे राजस्थानचे, पण बोलतात आमच्यासारखंच. कच्ची केळी सोलायला आम्ही तिघी. लताअक्का वयाने मोठी, तिचं माहेर भडगावचं. सुरेखा धुळ्याकडची, सोनगीरची. आणि मी. माझी परी चार वर्षांची, ती तिथेच पोत्यावर बसून खेळते. नजरेसमोर असली की मला बरं.

सकाळी हाताला तेल लावायच्या आधी सुरेखा तिचा मोबाइल उलट्या कॅरेटवर उभा करते आणि पिक्चर लावून देते. एकदा केळीचा चीक हाताला लागला की मोबाइलला कोण शिवणार? मग जे लागलं ते शेवटपर्यंत बघायचं. जाहिरातींसकट!

आणि लागतात ते सुभाष-गोकुळचेच. हे दोघं मिळून डायरेक्शन करतात. आपल्या खानदेशी बोलीतले पिक्चर, भाग एक, भाग दोन असे मोबाइलवर येतात. सुभाष भडगावचा, गोकुळ सोनगीरचा. गोकुळची बहीण सुभाषला दिलेली, म्हणजे गोकुळ त्याचा शालक. रडवायचं काम सुभाषचं, हसवायचं गोकुळचं. म्हणून अक्का सुभाषच्या पार्टीची आणि सुरेखा गोकुळच्या. मी कुठल्याच पार्टीची नाही. का ते पुढे येईलच.

*

पिक्चरची नावं आम्हाला आठवत नाहीत. विहिरीवाला, बैलवाला, मोटरसायकलवाला, असं म्हणायचं.

विहिरीवाल्यात बबल्या नावाचं लेकरू मरतं. पहिल्यांदा बघितला तेव्हा तिघी हमसून हमसून रडलो. डोळे पुसायला हात कुठे होते? चीक डोळ्यात गेला तर संपलंच! तिघी आपल्या खांद्यालाच डोळे घासतोय, आणि तेवढ्यात शेठ आत आले.

"काय झालं? कोण गेलं?"

अक्का हुंदका देत म्हणाली, "बबल्या गेला हो, शेठ!"

शेठनी डोक्यावरची टोपी काढली. वेफर्सचं मशीन बंद करायला लावलं. दोन मिनिटं खाली मान घालून उभे राहिले. मग हळूच सुरेखाला विचारलं, "कोणाचा मुलगा?"

सुरेखा म्हणाली, "सुभाष-गोकुळचा."

शेठ म्हणाले, "दोघांचा?"

*

ह्या दोघांची कामाची रीत सुरेखाला माहेरच्या बायकांकडून कळते.

गोकुळच्या आईने त्याला बजावून ठेवलंय, जावयाला उलटून बोलायचं नाही. तो पाव्हणा आहे. आता डायरेक्टरने डायरेक्टरला बोलायचंच नाही म्हटल्यावर काम कसं होणार? तर एखादा सीन गोकुळला आवडला नाही की तो लघवीला जातो असं सांगून बाजूला जातो आणि बहिणीला फोन करतो. बहीण सुभाषला फोन करते, "अहो, जेवलात का? आणि तो मघाचा सीन परत घ्या बरं." सुभाष म्हणतो, "तुला कोणी सांगितलं?" ती म्हणते, "मला वाटलं."

मग सुभाष सगळ्यांसमोर ओरडतो, "चला, परत घेऊ! मला मघापासून खटकत होतं!"

अक्काला हे पटत नाही. ती म्हणते, "काही नाही वं, त्याला डायबेटीस असेल."

*

कोणता पिक्चर सगळ्यात भारी आणि कोणता सगळ्यात भंगार, यावर एकदा इतकी भांडणं झाली की शेवटी मतदान ठेवलं. हिरव्या बादलीत साल टाकलं तर विहिरीवाला भारी. लाल बादलीत टाकलं तर मोटरसायकलवाला.

अक्का म्हणाली, "मोटरसायकलवाला? त्यात व्हिलनच्या गाडीतलं पेट्रोल संपतं, तो गाडी ढकलत हिरोच्या मागे पळतो!"

"तेच तर भारी शे!" सुरेखा म्हणाली. "बठ्ठा गाव हसस त्याले!"

"आणि हिरो त्याच्यासाठी थांबतो वं! थांबतो!"

"माणुसकी शे ती, अक्का."

दुपारपर्यंत दोन्ही बादल्या काठोकाठ. अक्का तर मत वाढावं म्हणून सालं जाड काढत होती. मोजायला बसणार, तेवढ्यात शेठचा गडी आला आणि दोन्ही बादल्या एकाच टोपलीत ओतून म्हशींसाठी घेऊन गेला.

सुरेखा मागून ओरडली, "थांब रे भाऊ, निकाल बाकी शे!"

*

आता माझी पार्टी का नाही ते सांगते.

सुभाष-गोकुळचे सात पिक्चर. सातही पिक्चरमध्ये एक लेकरू मरतं! कधी विहिरीत, कधी तापाने, बैलवाल्यात तर नुसतं उन्हाने. तिसरा भाग संपता संपता जातंच. सुरेखा म्हणते, सुभाषला तेवढंच येतं. अक्का म्हणते, लेकरू गेल्याशिवाय माणसाचं काळीज हलत नाही.

माझं तर आधीच हललेलं आहे. परी दोन वर्षांची असताना तिला तापात झटका आला होता. डोळे पांढरे, दात आवळलेले. आम्ही दवाखान्यात पोचेस्तोवर मी तिचं नाव किती वेळा घेतलं ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, काही लेकरांना होतं असं, मोठी झाली की थांबतं. थांबलंही. पण माझं थांबलं नाही.

त्यामुळे पिक्चरमधलं लेकरू जरा खोकलं की मी उठते आणि सोललेली केळी बुडवायला मिठाचं पाणी आणायच्या नावाने बाहेर जाते. रडण्याचे आवाज थांबले की परत येते.

एकदा लवकर परत आले. लेकरू अजून खोकतच होतं! अक्का म्हणाली, "जा अजून एक बादली घेऊन ये. टाइम आहे त्याला."

*

यंदा आठव्या पिक्चरसाठी ते दोघं खरोखर फैजपूरला आले. आमच्या शेडला लागून शेठच्या भावाची केळीची बाग आहे, तिच्यात शूटिंग ठरलं. अक्काने नवीन साडी नेसून केळी सोलली!

त्यांना एक चार-पाच वर्षांची मुलगी हवी होती. मी तोंड उघडायच्या आत अक्काने परीला उचलून पुढे केलं. "ही घ्या. आमची परी. एका जागी बसते, रडत नाही."

सुभाषभाऊ म्हणजे उंच, पांढरा शर्ट, गळ्यात गॉगल. परीकडे बघून म्हणाले, "फेस चांगला आहे. तीनच सीन आहेत, ताई. पहिल्यात हसायचं, दुसऱ्यात खोकायचं."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसऱ्या सीनला डायलॉग नाही."

मी विचारलं, "डायलॉग का नाही?"

सुभाषभाऊ गॉगल पुसायला लागले. मी गोकुळभाऊंकडे बघितलं. ते त्यांच्या चपलेकडे बघत होते.

*

मी नाही म्हणून सांगितलं. अक्काला वाईट वाटलं, म्हणून ती माझ्यासाठी डायरेक्टरकडे बोलायला गेली. मीही मागे गेले.

"सुभाषभाऊ," अक्का म्हणाली, "लेकरू राहू द्या यावेळी. त्याच्या जागी मला मारा. मी आजी होते. माझं वय पण झालंय, लोकांना पटेल."

सुभाषभाऊंनी खूप विचार केला. मग म्हणाले, "अक्का, पण तुम्ही मेल्यावर रडेल कोण?"

सात पिक्चर अक्का त्या माणसाच्या पार्टीत होती. त्याच संध्याकाळी तिने सुरेखाला विचारलं, "काय वं, तो गोकुळ कसा आहे स्वभावाने?"

*

घरी वेगळंच. नवरा म्हणाला, "अगं पिक्चर आहे तो." तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे, त्याला सगळं सोपं वाटतं. मला वाटलं, सासूबाई तरी माझ्या बाजूने बोलतील. तर त्या उलट म्हणाल्या, "करू दे. माणूस मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं त्याचं. हे तर सगळ्या खानदेशात जाणार! शंभर वर्षं जगेल पोर."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भीती होती म्हणून मी नाही म्हटलं होतं, आणि भीती होती म्हणूनच हो म्हटलं.

पण अटी घातल्या. नाकात कापूस नाही. हार नाही. पांढरी चादर नाही. पाय दक्षिणेला नाही. सुभाषभाऊ सगळ्याला हो म्हणाले, आणि शेवटी असिस्टंटला म्हणाले, "लिहून घे रे. मयत झोपलेली दिसली पाहिजे!"

*

शूटिंगच्या दिवशी मी कामावरून तशीच गेले. डोक्याला प्लास्टिकची टोपी, पुढे एप्रन, हात चिकाने काळे. बागेत खाट टाकलेली. परीला फुलाफुलांच्या चादरीवर झोपवलं. मी तिला समजावलं होतं, डोळे मिटायचे आणि मनात वीसपर्यंत मोजायचं. तिला वीसपर्यंत येतं.

पिक्चरमधली आई म्हणून जळगावची एक बाई होती. काय रडत होती ती! मीही मोजत होते. वीस झाले. तीस झाले. साठ झाले. परी हलली नाही. माशी येऊन गालावर बसली, तरी हलली नाही.

मी हळूच हाक मारली, "परी."

गोकुळभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

"परी!"

मग मला काही कळलं नाही. मी कॅमेऱ्यासमोरून धावत गेले, त्या रडणाऱ्या बाईला बाजूला सारलं, आणि परीच्या नाकाखाली बोट धरलं. श्वास गरम होता. मी तिला उचललं तशी ती जागी झाली आणि माझ्यावरच चिडली. "मम्मी! मी किती छान मेले होते!"

सुभाषभाऊ डोक्याला हात लावून उभे. "कट! ताई, बाहेर या. हिला परत झोपवा."

तेव्हा गोकुळभाऊ पुढे आले. सगळ्या युनिटसमोर, कोणाला फोन न करता, म्हणाले, "नाही दाजी. राहू द्या. आता नाही मारायची."

सुभाषभाऊंनी खिशातून मोबाइल काढला आणि बायकोला लावला. "तुझ्या भावाला बोलता येतं," म्हणाले.

*

आठवा पिक्चर लागला. त्यात परी मरत नाही. पण त्यांनी तो सीन काढला नाही, आहे तसाच ठेवला! म्हणजे खाटेवर लेकरू निपचित पडलंय, आई रडतेय, आणि अचानक केळीतून एक बाई धावत येते, डोक्याला प्लास्टिकची टोपी, हात काळे. लेकरू उचलते, लेकरू जागं होतं. मग ती बाई पिक्चरमध्ये परत कधीच दिसत नाही. ती कोण, कुठून आली, काही सांगितलेलं नाही.

अक्का म्हणते, सगळ्यात भंगार. सुरेखा म्हणते, सगळ्यात भारी. खाली लोकांनी लिहिलंय, ही बाई कोण? कोणी म्हणतं डॉक्टर, कोणी म्हणतं मागच्या जन्मातली आई. धुळ्याच्या एकाने लिहिलं, सटवाई आहे ती. त्यालाच जास्त लाइक!

मागच्या आठवड्यात परीला सर्दी झाली म्हणून मी कामावरून थेट दवाखान्यात गेले. टोपी डोक्यावरच राहिली होती. बाकावर शेजारी एक बाई बसली होती, माझ्याच वयाची. मांडीवर दोन वर्षांचा मुलगा, टॉवेलात गुंडाळलेला. ती माझ्याकडे बघायची, परीकडे बघायची, परत माझ्याकडे. मग म्हणाली, "तुम्हीच ना त्या?"

मी डोक्यावरची टोपी काढली.

"ताई, याच्या डोक्यावर जरा हात ठेवता का?"

मी म्हटलं, "अहो बाई, मी केळी सोलते. वेफर्सच्या कारखान्यात. ती तर नुसती झोपली होती. मी घाबरून धावले, बाकी काही नाही."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग मुलाच्या तोंडावरचा टॉवेल बाजूला केला. म्हणाली, "असू द्या. नंबर येईपर्यंत ठेवा."

आत सहावा नंबर चालू होता. तिचा चौदावा.