पायरीतली वीट
ओल्या सिमेंटचा वास आला की मला इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातलं ते बायबल कॉलेज आठवतं. जमैकाहून आलेल्या काळ्या माणसांना इथल्या गोऱ्या चर्चने दारातूनच परत पाठवलं, म्हणून त्यांनी ते स्वतः उभारलं होतं. दर शनिवारी आमची मराठी शाळा त्यांच्याच हॉलमध्ये भरायची. एका शनिवारी बाहेर ‘गो होम’चा ओरडा सुरू झाला, खिडकी फुटली आणि आत आलेली वीट कॉलेजच्या म्हाताऱ्या प्रिन्सिपलबाईंच्या कपाळावर बसली. बायको किंचाळली, “अरे, पोरांना टेबलाखाली घाल!” फुटक्या काचेतून एक हात कडी शोधत आत आला. त्यावर मी क्रिकेटची बॅट हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला आणि मला तो आवडला. पोलीस येऊन गेल्यावर मी ती रक्ताळलेली वीट भिरकावायला निघालो, तर बाईंनी मनगट धरलं. “ठेव ती. स्टेजची पायरी कशाची आहे, माहितेय?” जिच्यावरून आमची पोरं उड्या मारायची, ती पायरी कॉलेज उघडल्यापासून खिडक्यांतून आलेल्या विटांची होती. कपाळाला टाके घालून बाई परत आल्या, तोवर मी सिमेंट कालवून ठेवलं होतं. वीट बसवल्यावर त्यांनी शेजारी आणखी एका विटेची जागा मोकळी सोडायला लावली. ती अजून मोकळीच आहे, आणि शनिवारी माझी बॅट गाडीत असते.