साडूंची म्हैस-पद्धत

देवाने निर्माण केलेला एकही जीव असा उरलेला नाही, ज्याच्या मागे आमचे साडू मोबाइल घेऊन लागले नाहीत. ते मिरजेजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. प्राण्यांच्या वागण्यावरून संगणकाला उत्तम उत्तर शोधायला शिकवणारी पद्धत बसवायची आणि तिच्यावर शोधनिबंध लिहायचा, हा त्यांचा नाद. शिराळ्याच्या नागपंचमीहून ते नाग-पद्धत घेऊन आले, म्हसवडहून मेंढी-पद्धत. साताऱ्याला आमच्याकडे मुक्कामाला आले की माझी बायको झुरळं मारायचं थांबवते. न जाणो, पुढचा निबंध त्यांच्यावरच असायचा. "दोन्ही पद्धती आतून सारख्याच दिसतात की," असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "पावणं, माणसंबी आतनं सारखीच असत्यात."

सगळ्यांत लाडकी म्हैस-पद्धत. घरच्या म्हशीवरून बेतलेली आणि प्रत्येक चाचणीत पहिली आलेली. तिच्यावरचा निबंध छापून आला की साडू प्रोफेसर होणार होते. दिवाळीत आम्ही त्यांच्या गावी गेलो, तर नेमकी म्हैसच दावं तोडून पळालेली. आम्ही उसात शिरायला निघालो, तेवढ्यात साडूंनी अडवलं. लॅपटॉपवर गोठा मधोमध धरून शिवाराचा नकाशा मांडला, चारा, पाणी, सावली कुठे ते भरलं, त्यात शेकडो खोट्या म्हशी सोडल्या आणि ओरडले, "घावली!" आम्ही त्यांच्यामागे धावलो. ते थेट गोठ्यातल्या रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन थांबले.

"आरं, खुंट्याला असती तर तुला कशाला इचारलं असतं?" त्यांच्या आई म्हणाल्या.

आम्ही पोट धरून हसलो. साडू मात्र खुंट्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पावणं, हिला मधोमधचंच उत्तर घावतंय. अन् आमच्या चाचण्यांतली उत्तरंबी समदी मधोमधच व्हती." त्यांनी तिथेच एका चाचणीतलं उत्तर कोपऱ्यात सरकवून पाहिलं. म्हैस-पद्धत मधली जागा सोडेना.

"कुणाला कळतंय?" मी म्हणालो.

"मला कळलंय की."

दिवस मावळता म्हैस आपणहून खुंट्यापाशी येऊन उभी राहिली. "बघा, तुमचंच खरं निघालं!" मी आनंदाने ओरडलो. "ती आली, पावणं. आमी शोधली न्हाई," म्हणाले, आणि त्यांनी छापायला पाठवलेला निबंध परत मागवला. प्रोफेसरकी राहिली ती राहिलीच.

परवा ते साताऱ्याला आले, तेव्हा भिंतीवर चांगली जाडजूड पाल होती. साडूंनी मान वर केली, खिशातल्या मोबाइलकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. मला फार वाईट वाटलं. मीच स्टूल ओढून दिलं आणि म्हटलं, "काढा की व्हिडिओ, पावणं."